पसरणीच्या घाटात घसरलेला क्लच

मागच्या हिवाळ्यात वाईहून पाचगणीकडे जाताना पसरणीच्या घाटात माझ्या १५० सीसीच्या मोटारसायकलने मला पहिल्यांदा स्पष्ट इशारा दिला. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला की इंजिनाचा आवाज चढे, टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा, काटा झरझर वर सरके, आणि वेग मात्र होता तेवढाच राही. मागे पत्नी बसलेली होती, सामानही होते, त्यामुळे गाडीला ओझे होत असावे असे आधी वाटले. परंतु ओझ्याने दमलेल्या इंजिनाचे फेरे कमी होतात, वाढत नाहीत. फेरे वाढूनही चाकाला जोर मिळत नसेल, तर तो जोर मधेच कुठेतरी निसटत असतो, आणि ती जागा बहुतेक वेळा क्लच हीच असते.

आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो. घर्षक अस्तर असलेल्या प्लेटांचे कान बाहेरच्या हाउसिंगच्या खाचांत बसतात आणि हाउसिंग इंजिनाबरोबर फिरते. या प्लेटांच्या मधे एकाआड एक येणाऱ्या लोखंडी प्लेटांचे दाते आतल्या हबमध्ये अडकतात आणि हब गिअरबॉक्सला फिरवतो. स्प्रिंगा हा सगळा थर घट्ट दाबून धरतात, आणि आपण लिव्हर ओढतो तेव्हा केवळ तो दाब काढून घेतो. अस्तर झिजले की थराची जाडी कमी होते, स्प्रिंगांचा दाब अपुरा पडतो आणि प्लेटा एकमेकींवरून घसरू लागतात. घसरण्याने उष्णता वाढते, उष्णतेने अस्तर जळते, आणि म्हणूनच घसरणारा क्लच तसाच चालवत राहिले तर तो फार झपाट्याने संपतो.

तरीही मी लगेच इंजिन उघडले नाही. क्लचची केबल फार ताणलेली असेल तर लिव्हर न ओढताही दाब थोडा सुटलेलाच राहतो, म्हणून लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल आहे की नाही, हे पहिल्यांदा पाहिले. ती होती. दुसरी शंका तेलाची होती, आणि तिला कारण होते. दोन महिन्यांपूर्वी प्रवासात तेल कमी दिसले म्हणून मी पंपावर मिळाले ते चारचाकीचे इंजिन ऑइल घातले होते. चारचाकीचा क्लच तेलात नसतो, त्यामुळे तिच्या पातळ तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली चालतात. मोटारसायकलच्या क्लचला नेमके तेच घर्षण हवे असते. मोटारसायकलसाठी डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ हा दर्जा पाहूनच तेल घ्यावे. एमबी दर्जाचे तेल बिनगिअरच्या स्कूटरसाठी असते, कारण तिथे क्लच कोरडा असतो. मी तेल बदलले, ५० किलोमीटर चाललो आणि पुन्हा बदलले. घसरणे कमी झाले, पण कात्रजच्या चढावर ते पुन्हा जाणवले, तेव्हा प्लेटा बघितल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

सुटे भाग नाना पेठेतून आणले. दुकानदाराने विचारले, "नुसत्या प्लेटा देऊ, की स्प्रिंगासुद्धा?" मी दोन्ही घेतले आणि आग्रहाने कव्हरच्या सांध्यात तेल अडवणारे नवे पॅकिंगही मागून घेतले. जुने पॅकिंग पुन्हा वापरणे ही चुकीची काटकसर आहे, कारण तेल झिरपू लागले की सगळे काम दुसऱ्यांदा करावे लागते.

रविवारी सकाळी गाडी मेन स्टँडवर घेऊन तेल काढले. गाडी डावीकडे कलती ठेवून तेल न काढताही उजवे कव्हर उघडता येते, हे मला ठाऊक आहे. परंतु झिजलेल्या अस्तराचा भुगा ज्या तेलात मिसळला आहे ते पुन्हा वापरणे मला पटत नाही. मग केबल, किक आणि फूटरेस्ट काढले. कव्हरचे बोल्ट ८ च्या गोटी पान्याने निघतात, पण त्यांची लांबी सारखी नसते. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवला, कारण लांब बोल्ट आखूड छिद्रात आवळला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात, आणि ती दुरुस्ती क्लचपेक्षा महाग पडते. कव्हर चिकटलेले असले तरी फटीत स्क्रू ड्रायव्हर घालू नये. प्लास्टिकच्या हातोडीने कडेकडेने ठोकले की ते सुटते.

कित्येक छोट्या गाड्यांत मधला नट काढल्याशिवाय प्लेटा बाहेर येत नाहीत, आणि माझी गाडी त्यांतलीच आहे. स्प्रिंगांचे चार बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडेथोडे ढिले केले, लॉक वायसरची दुमडलेली कड सरळ केली, आणि शेवटचा गिअर टाकून पत्नीला मागचा ब्रेक दाबून धरायला सांगितले. त्यामुळे हब जागेवर राहिला आणि नट सुटला. दोन गिअरच्या दातांत नाणे अडकवून नट खोलण्याची पद्धत मी पाहिली आहे. दाते टवकण्याची भीती असल्याने ती मी टाळतो.

माझ्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे प्लेटेची जाडी २.६ मिलिमीटरच्या खाली गेली की ती बदलावी. व्हर्निअरने मोजल्यावर दोन प्लेटा २.४ भरल्या, बाकीच्या २.५ च्या आसपास होत्या, आणि सगळ्यांनाच जळका वास होता. लोखंडी प्लेटा जाड काचेवर ठेवून खाली ०.२ मिलिमीटरचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकतो का, ते तपासले. एकीवर निळसर डाग होते आणि तिच्याखाली तो सरकला, म्हणून तीही बदलली. सर्वांत जास्त वेळ मी हाउसिंगकडे दिला. प्लेटांच्या कानांचा मार बसून त्याच्या बोटांसारख्या उभ्या पट्ट्यांवर खाचा पडतात, नव्या प्लेटा त्यांत अडखळतात, आणि नवा क्लच टाकूनही गाडी धक्के देते. गॅरेजच्या घाईत हीच गोष्ट पाहायची राहून जाते. माझ्या हाउसिंगवरच्या खाचा नखाला जेमतेम जाणवतील इतक्याच होत्या, त्या बारीक कानशीने साफ केल्या. त्या खोल असत्या तर हाउसिंगच बदलावे लागले असते.

नव्या प्लेटा आदल्या रात्रीपासून नव्या तेलात बुडवून ठेवल्या होत्या, कारण कोरड्या प्लेटा पहिल्याच फेऱ्यांत जळू शकतात. जुने पॅकिंग खरवडायला अर्धा तास लागला. त्यासाठी लाकडाची चपटी पट्टी वापरली आणि आत कण पडू नयेत म्हणून कापड कोंबून ठेवले. कव्हर चढवताना किकच्या दांड्याच्या दात्यांवर टेप गुंडाळला, नाहीतर ऑइल सील फाटते.

काढलेले तेल बाटलीत भरून, वापरलेले तेल पुनर्प्रक्रियेसाठी गोळा करणाऱ्या गॅरेजला नेऊन दिले. गटारात किंवा जमिनीवर ते कधीही ओतू नये.

पहिले २०० किलोमीटर हाफ क्लचवर, म्हणजे लिव्हर अर्धवट ओढून, रखडणे टाळले. शहरात लिव्हरवर दोन बोटे टेकवून चालवण्याची माझी सवय झिजण्याला कारण होती, हे उघड आहे, आणि ती मी आता जाणीवपूर्वक सोडतो आहे. त्यानंतर प्लेटा बसल्या तशी केबलची मोकळी हालचाल बदलली, ती पुन्हा जुळवून घेतली. गेल्या आठवड्यात आम्ही दोघे पुन्हा पसरणीचा घाट चढलो. त्याच वळणावर, तिसऱ्याच गिअरमध्ये, टॅकोमीटरचा काटा आणि वेग या वेळी बरोबरीने चढले.