निर्णय एकट्यांवर नको

मंगळवार, रात्री उशिरा

आज डॉक्टर मॅडमनी दादा-वहिनीला बसवून बाळाचा एमआरआय समजावला. मीही होते. बाळ पूर्ण दिवसांचं, वजनही छान, पण वार जन्माआधीच सुटली आणि मेंदूला प्राणवायू कमी पडला. पहिल्या सहा तासांतच कूलिंग सुरू केलं होतं. ७२ तास अंग साडेतेहेतीस अंशांवर ठेवायचं, म्हणजे मेंदूची पुढची इजा कमी होते. या बाळाला त्याचा उपयोग झाला नाही. मेंदूच्या आतल्या भागात सगळीकडे इजा आहे, ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, जवळजवळ सपाट. स्वतःहून श्वास नाही, चोखणं नाही, गिळणं नाही.

परवा दुसऱ्या एका डॉक्टरांनी व्हरांड्यात उभ्या उभ्याच दादाला सांगितलं होतं, "काय ते तुम्ही ठरवा आणि कळवा." तेव्हापासून दादा जेवलेला नाही. पोटच्या पोराचं श्वासाचं मशीन ठेवायचं की काढायचं, हे बापानं एकट्यानं ठरवायचं? मॅडमनी आज उलट केलं. आधी स्वतःचं मत सांगितलं: मशीननं आता बाळ बरं होणार नाही, फक्त त्रास लांबेल, म्हणून ते काढावं असं आम्हा सगळ्या डॉक्टरांना वाटतं, तुम्हाला पटतंय का ते सांगा, घाई नाही. निर्णय तोच, पण वहिनी पहिल्यांदा मोकळं रडली.

शेजारच्या बाळाला काल डामा करून, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही देऊन, घरी नेलं. आजोबांच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं बाळ, आणि लिफ्टपर्यंत मामा अँबू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबत चालले होते. घरी गेल्यावर ती पिशवी कोण दाबणार, बाळाला धाप लागली तर औषध कोण देणार? पैसे संपले की अशीच सही करून नेतात. आम्हालाही कुणीतरी तेच सुचवलं, "एकदा लावलेलं मशीन काढता येत नाही, घरी न्या" म्हणून. मला याचा फार संताप येतो. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं निष्फळ ठरलेले उपचार थांबवायला मान्यता दिली, २०२३ साली प्रक्रिया सोपी केली. डॉक्टरांची दोन मंडळं तपासतात, घरच्यांची संमती घेतात. मग बाळाला ॲम्ब्युलन्समध्ये का जावं लागावं?

माझ्या आईचं एकच म्हणणं होतं, बिननावाचं जाऊ द्यायचं नाही. पाळण्यावर अजून "बेबी ऑफ" आणि पुढे वहिनीचं नाव एवढंच कार्ड आहे. बारशापर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. सिस्टरनी मला गाऊन घालून आत घेतलं. कूलिंग संपून किती दिवस झाले, तरी मला त्याचा कान गार लागेल असं वाटत होतं. चांगला कोमट होता, वर बारीक लव. मी वाकून नाव सांगितलं. कुर्रर्र करून पाठीत धपाटे घालायला कुणी नव्हतं, तर सिस्टरनीच हातमोज्यानं माझ्या पाठीवर हलकेच थापटलं.

बाहेर आल्यावर दादानं विचारलं, "तू काय केलं असतंस?" मी म्हटलं, काढलं असतं. आणि उद्या नातेवाइकांत कुणी म्हणालं की बापानं मशीन काढलं, तर सांग, आत्यानं सांगितलं म्हणून. मी खरंच तसं म्हणाले, आणि त्यावर ठाम आहे.

वहिनी म्हणते, श्वासाची नळी निघेल तेव्हा तो माझ्या मांडीवर हवा. उद्या मॅडमना एवढं विचारायचं: नळी काढण्याआधी औषध देणार ना, धाप लागली तर पुन्हा देता येईल ना, तारा-पट्ट्या सगळ्या काढणार का, माझ्या आईला आत येऊ देतील का. काही बाळं मशीनशिवायही काही तास राहतात म्हणे. तसं झालं तर तेवढा वेळ आम्हाला वेगळी खोली मिळेल का, हेही.