भंगार आणि भांगर

आई गेल्यावर डिचोलीचं घर आम्ही दोघा भावंडांनी रिकामं केलं. तेव्हापासून आठवड्याला एखादा तरी फोन येतो. कुणी पणजीतला भाड्याचा फ्लॅट सोडून पुण्याला निघालेलं असतं, कुणाला वडिलोपार्जित घराच्या वाटण्या करायच्या असतात. प्रश्न एकच: "ताई, घरातलं जुनं सामान कुठे विकायचं?" फोनवर दर वेळी काहीतरी सांगायचं राहून जातं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी 'कधी' ते बघा, 'कुठे' नंतर. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि बंद घरातल्या सामानाचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. आमच्या प्लायच्या कपाटाला मे महिन्यात साडेतीन हजारांचं गिऱ्हाईक आलं होतं. चार मिळतील म्हणून आम्ही थांबलो. चतुर्थीला घर उघडलं तेव्हा खालची कड फुगून सुटली होती आणि पाठीला हिरवी बुरशी आली होती. मग फुकट देतो म्हटलं तरी कुणी नेईना. म्हणून लाकूड, प्लाय, गाद्या हे सगळं मेअखेर घराबाहेर पडलं पाहिजे.

आता कुठे. सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक जवळचं असतं. डिचोलीहून मडगावला टेबल पाठवायचं तर पिकअपचं भाडं आणि दोन माणसांची हमाली यातच टेबलाची निम्मी किंमत जाते. म्हणून आधी वाड्यावर, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, कोपऱ्यावरच्या दुकानात सांगून ठेवा. अभ्यासाची टेबलं, खुर्च्या, सायकली असतील तर ताळगावला विद्यापीठाच्या आसपास किंवा झुआरीनगरला बिट्स या अभियांत्रिकी कॉलेजच्या बाजूला विचारा. नवं शैक्षणिक वर्ष सुरू होताना खोल्या घेणारी मुलं तिथे असतात. तिथेही नाही जमलं तर ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेस. फोटो दिवसाउजेडी काढा, लांबी-रुंदी-उंची लिहा, आणि दोष लपवू नका. आमच्या फ्रिजच्या जाहिरातीत 'भाजीचा ट्रे तुटलेला आहे' असं मी स्पष्ट लिहिलं होतं. घ्यायला आलेल्या बाईंनी घासाघीस केलीच नाही, कारण घरी येऊन कळावं असं काही उरलंच नव्हतं.

जाहिरात टाकली की एक फोन हमखास येतो, त्यापासून जपा. भावाने जेवणाच्या टेबलाची जाहिरात दिली आणि दहा मिनिटांत एकाचा फोन आला. "मी सैन्यात आहे, बदलीवर आलोय, टेबल न बघताच घेतो, क्यूआर कोड पाठवतो तो स्कॅन करा म्हणजे पैसे येतील." भाऊ पिन टाकायच्या बेतात होता, मी हातातून फोन काढून घेतला. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो द्यायला. एवढं घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगून ठेवा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा, सायबर फसवणुकीसाठीचा तो राष्ट्रीय क्रमांक आहे.

हणजूणच्या बुधवारच्या बाजाराचंही बरेच जण विचारतात. सत्तरच्या दशकात हिप्पींनी तो सुरू केला तो स्वतःजवळच्या वस्तू विकूनच, हे खरं. पण आज तिथे पर्यटकांसाठी कपडे, दागिने, शोभेच्या वस्तू असतात. तुमचा मिक्सर तिथे कुणी घेणार नाही.

तांब्या-पितळेबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण लोक घाई करतात ती तिथेच. कोंकणीत भांगर म्हणजे सोनं आणि मराठीत भंगार म्हणजे मोडतोड. एका अक्षरावरचा काना दुसऱ्यावर गेला की सोन्याचं भंगार होतं, आणि घर रिकामं करताना नेमकं हेच होतं.

आमच्या माळ्यावर अंघोळीचं पाणी तापवायचं भाण होतं. बाहेरून इतकं काळं की धातू कुठला तेही कळेना. भंगारवाल्याने ते लोखंडी सळ्यांबरोबर एकाच ढिगात धरलं होतं. मी ते वेगळं काढून कासाराकडे नेलं. त्याने कानशीने काठ घासला आणि काळ्याखालून लालभडक रेघ निघाली. शुद्ध तांबं. काट्यावर नऊ किलो चारशे ग्रॅम भरलं. मोडीत घातलं तर काजळीची आणि लोखंडी कड्यांची घट धरून किती येतील ते त्याने सांगितलं, आणि मग थांबून म्हणाला, "बाय, हें बरें आसा. मोडीक कित्याक घालता?" म्हणजे हे चांगलं आहे, मोडीत कशाला घालता? मोडीत गेलं असतं तर गाडीत मावावं म्हणून ते तिथल्या तिथे हातोड्याने चेपलं असतं. मये गावातल्या एका बाईंच्या न्हाणीत अजून लाकडावर पाणी तापतं. त्यांनी मोडीच्याच भावाने, दोन हप्त्यांत ते घेतलं. मला पैसे तेवढेच मिळाले आणि भाण भाण राहिलं. तुम्ही मोडीतच घालणार असाल तर तांबं आणि पितळ वेगवेगळं वजन करायला सांगा. तांब्याचा भाव जास्त असतो, आणि एकत्र टाकलं की सगळ्याला पितळेचा लागतो.

शिसवी खुर्च्या, वेताच्या विणीची आरामखुर्ची, कोरीव पेट्या असं काही असलं तर 'सगळं घर एकदम उचलतो' म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला त्याच दिवशी होकार देऊ नका. पॉलिशही करू नका. निदान तिघांना दाखवा. ऐतिहासिक मोलाची वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो: तिचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. नांगर, रगडे, मापं ही तर चुलीत किंवा कुंपणापाशी जातात. त्याआधी बाणावलीचं गोवा चित्र संग्रहालय एकदा बघून या. आपण टाकायला काढलेल्या अशाच अवजारांतून ते उभं राहिलं आहे.

बंद पडलेली यंत्रं राहिली. फ्रिज, वॉशिंग मशीन चतुर्थीच्या एक्स्चेंजमध्ये द्या, किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे. रस्त्यावर फोडला तर फ्रिजमधला गॅस हवेत जातो आणि वायरी जाळून तांबं काढणाऱ्याच्या छातीत तो धूर जातो. इन्व्हर्टरची बॅटरी नव्या बॅटरीच्या दुकानात द्या, किमतीतून पैसे वजा होतात. गॅस सिलिंडर विकायचा नसतोच. तो आणि रेग्युलेटर एजन्सीला परत करा, अनामत रक्कम मिळते. कनेक्शनचा कागद तेवढा शोधून ठेवा.

गाद्यांना गिऱ्हाईक मिळालं नाही. कापसाच्या होत्या त्या पिंजून मी चार उशा करून घेतल्या.

आणखी काही विचारायचं असेल तर फोटो आणि मापं आधी पाठवा, आणि पाऊस लागायच्या आत.