तेरा नंबरचा बूट

सातारा रस्त्यावर जुन्या दुचाक्या घेण्या-विकण्याचा माझा धंदा. गिऱ्हाईक आत आलं की आम्ही आधी त्याच्या पायांकडे बघतो, मग तोंडाकडे. पायातल्या वस्तूवरून ऐपत कळते. तिचं माप मात्र चौदा वर्षांत मी कधी बघितलं नव्हतं.

गेल्या शनिवारी एक बाई भाच्याला घेऊन आल्या. पोरगा सहा फूट पाच इंच, शटरखालून वाकून आत आला. आजवर फक्त आत्याची अ‍ॅक्टिव्हा चालवलेली, तीही गुडघे फाकवून, कारण वळताना हँडल गुडघ्यावर आपटायचं.

“एवढा उंच आहे, बुलेटच द्या की,” शेजारच्या सीटकव्हरवाल्याने न विचारता निकाल दिला. गाडीबद्दल मत नसलेला पुणेकर मला अजून भेटायचाय.

बुलेटच्याच कंपनीच्या क्लासिक ३५० वर बसवला. सीटची उंची ८०५ मिलिमीटर, वजन १९५ किलो. दोन्ही तळवे सपाट टेकले तशी आत्या खूश. पाय टेकले की झालं, असं सगळ्यांनाच वाटतं. बुटक्या माणसासाठी ते खरंही आहे. उंच माणसाची अडचण पाय वर घेतल्यावर सुरू होते. सीट आणि फूटरेस्टमध्ये जागा कमी असली की गुडघे दुमडून बसावं लागतं आणि कात्रजचा घाट चढेपर्यंत मांड्या भरून येतात. मिस्त्रीने टेप लावून दाखवलं. मग हिरोची एक्सपल्स २०० काढली. तिची सीट ८२५, म्हणजे कागदावर दोनच सेंटिमीटर जास्त. पण सीट लांब, मागे सरकायला जागा, हँडल रुंद आणि वर, वजनही १६० किलोच्या आत. तिच्यावर पोरगा पहिल्यांदा अंग सैल सोडून बसला.

लर्निंग लायसन्स बघून चावी दिली, मी मागे बसलो. तळजाईच्या चढाला लागलो आणि दुसरा गिअर काही पडेना. शिवाय गाडी जरा हळू झाली की हा दोन्ही पायांनी होडी वल्हवल्यासारखा चालायचा. लांब पायांची ही खोड असतेच. पाय सहज पोचतात, म्हणून क्लच अर्धवट दाबून हळू गाडीचा तोल धरायला शिकतच नाहीत. ते सरावाने जातं. पण गिअर?

“काका, मला नाही जमणार,” तो म्हणाला. माझ्याही तोंडात नेहमीचं वाक्य आलं होतं: सवय होईल.

परत आल्यावर मिस्त्री खाली बसला आणि म्हणाला, “शेठ, बूट बघा.” तेरा नंबर. दुसरा गिअर टाकायला दांडा पायाने खालून वर उचलावा लागतो, आणि बुटाचं टोक त्या दांड्याखाली शिरतच नव्हतं. काही गाड्यांत हा दांडा दातेरी शाफ्टवर असतो, काहींत सळईने जोडलेला. दोन्हीकडे वर घेता येतो. पाच मिनिटांचं काम. पुढच्या फेरीत पोरगा चौथ्यापर्यंत गेला. आत्यांनी तिथेच विसार दिला.

रात्री हिशेब करताना दोन वर्षांपूर्वीचा एक जण आठवला. असाच ताडमाड, पोलीस भरतीची तयारी करणारा. “गिअर अडकतो,” म्हणून दोनदा आला होता. मी दोन्ही वेळा क्लच केबल बघून परत पाठवला. शेवटी कंटाळून त्याने गाडी मलाच विकली, आठ हजारांनी कमी. ती मी चार दिवसांत दुसऱ्याला दिली. त्या दुसऱ्याची गिअरबद्दल एकदाही तक्रार आली नाही.