‘छाप’चं ‘प्लेटतयार’ झालं

चित्रांवर काम करणाऱ्या इमेजमॅजिक या टूलच्या सातव्या आवृत्तीत ‘कन्व्हर्ट’ऐवजी ‘मॅजिक’ ही मुख्य कमांड झाली, ते मला मनापासून पटलं. विंडोजमध्ये ‘कन्व्हर्ट’ आधीपासून आहे आणि ती डिस्कची जुनी ‘फॅट’ मांडणी बदलून ‘एनटीएफएस’ करते. पण १९९० पासूनचं टूल, त्याच्या जिवावर किती स्क्रिप्ट चालत असतील! म्हणून लिनक्सवर कन्व्हर्ट, आयडेंटिफाय, मॉग्रिफाय ही नावं सिमलिंक म्हणून, म्हणजे त्याच प्रोग्रॅमकडे बोट दाखवणारी, राहिली. आपल्याला कोणत्या नावाने हाक मारली हे प्रोग्रॅम सुरू होतानाच बघतो आणि तसं वागतो.

मीही तेच केलं. आमच्या छापखान्यात ‘छाप’ हे माझं छोटं टूल तेरा वर्षं चालतंय. फोटो ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) आणायचा, पडद्यावरच्या आरजीबी रंगांचा छपाईचा सीएमवायके करायचा, प्लेटच्या फोल्डरमध्ये टाकायचा. नव्या मुलांना नावावरून वाटायचं, याने प्रिंट निघते. म्हणून नाव ‘प्लेटतयार’ केलं, ‘छाप’ सिमलिंक ठेवली. जुन्या नावाने बोलावलं की स्टँडर्ड एररवर, म्हणजे सूचना आणि चुकांच्या वेगळ्या वाटेवर, एकच ओळ: “छाप हे नाव जुनं झालं, प्लेटतयार वापरा.” एक्झिट कोड शून्यच, म्हणजे ‘काम नीट झालं’. कुणाचं काही अडणार नाही, अशी माझी खात्री होती.

सकाळी प्लेट विभागातल्या काकांचा फोन. “अरे, ‘छाप हे नाव जुनं झालं’ ही कुठली फाइल? मशीन म्हणतंय सापडत नाही.”

रात्री अडीचला आपोआप चालणाऱ्या क्रॉनच्या कामात मीच कधीतरी स्टँडर्ड एरर नेहमीच्या आउटपुटमध्ये वळवून ठेवली होती. पुढची पायरी प्रत्येक ओळ फाइलचं नाव म्हणून वाचते. पहिलीच ओळ माझी सूचना. तिथेच सगळं थांबलं, सोळा पानी फॉर्म प्लेटविना पडून राहिला.

२०२२ मध्ये मजकूर शोधणाऱ्या जीएनयू ग्रेपच्या ३.८ आवृत्तीपासून त्याचं जुनं नाव ‘ईग्रेप’ अशीच सूचना द्यायला लागला, तेव्हा लोक का वैतागले ते मला त्या सकाळी उमगलं. टूल जे बोलतं, तेही लोकांनी गृहीत धरलेलं असतं. एक ओळ वाढवली तरी जुना करार मोडतो.

आता स्टँडर्ड एरर टर्मिनलला जोडलेली असेल, म्हणजे समोर माणूस असेल, तरच सूचना येते. क्रॉनमध्ये ‘छाप’ पूर्वीसारखाच गप्प असतो.

काका अजून हाताने ‘छाप’च टाइप करतात. तेरा वर्षांची बोटांची सवय आहे ती. दिवसातून चाळीस वेळा तीच ओळ त्यांच्यासमोर यायला नको, म्हणून ती दिवसातून एकदाच दिसेल असं केलंय. सिमलिंक काढायची तारीख मी ठरवलेली नाही.