सपाट पंखाला शून्य

एकाने तपासलेला विज्ञानाचा गठ्ठा दुसऱ्याने नजरेखालून घालायचा, ही आमची पद्धत. परवा सहकाऱ्याच्या गठ्ठ्यात नववीतल्या एका मुलीचं उत्तर सापडलं आणि ते अजून डोक्यातून जात नाही.

प्रश्न नेहमीचा: विमानाला वर उचलणारं बल कसं तयार होतं? नमुना उत्तर असं की पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरच्या हवेला अंतर जास्त. खालच्या हवेबरोबरच मागच्या कडेला पोचायचं म्हणून ती जोरात धावते आणि वेग वाढला की दाब घटतो. मुलीने लिहिलं होतं, "कागदी विमानाचा पंख दोन्ही बाजूंनी सपाट असतो, तरी ते उडतं. तो हवेला थोडा तिरका लागतो. हवा खाली वळते आणि पंखाला वर ढकलते." समोर लाल शाईत शून्य.

उत्तर बरोबर आहे. वरची आणि खालची हवा एकाच वेळी पोचलीच पाहिजे असा निसर्गात नियमच नाही. पवनबोगद्यात, म्हणजे वारा सोडून पंख तपासायच्या बोगद्यात, धूर तुटक तुटक सोडून पाहिलं, तर वरचा धूर आधी पोचलेला दिसतो. दाबातला फरक खरा, वेग वाढला की दाब घटतो हे बर्नुलीचं तत्त्वही खरं. खोटं आहे ते फक्त एकाच वेळी पोचण्याचं कारण. ते खरं असतं तर विमान उलटं उडालंच नसतं. तरी गाइडं तेच छापतात, कारण चार ओळींत बसतं आणि पाठ होतं.

मुलीला प्रयोगशाळेत बोलावून म्हटलं, करून दाखव. तिने ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) ए-४ कागद घेतला, म्हणजे जेमतेम ५ ग्रॅम वजन. प्रत्येक घडीवर नख दाबून फिरवत होती. पहिल्या फेकीत विमानाने नाक उचललं, वेग मेला आणि ते खाली आलं. पंखाचा हवेशी कोन साधारण १५ अंशांच्या पुढे गेला की वरची हवा पंख सोडते, तेच झालं होतं. मी काही सांगायच्या आत तिने नाकाला क्लिप लावली. आता ते सरळ खाली मुसंडी मारू लागलं. मग तिने पंखांची मागची कड दोन बोटांत धरून केसभर वर वळवली. त्याने शेपटी दबते, नाक सावरतं. विमान संथपणे प्रयोगशाळा ओलांडून पलीकडच्या भिंतीपर्यंत गेलं. वजनाचा मध्य उचलणाऱ्या बलाच्या पुढे असायला हवा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बोटांना कळलं होतं.

सहकारी कष्टाळू आहेत, गठ्ठा कधी उशिरा देत नाहीत. त्यांचं म्हणणं, "मॅडम, उत्तरसूचीत नाही त्याला गुण कसे देऊ? बाहेरचा परीक्षक हेच करील." करील, हे खरं आहे आणि त्याचाच मला राग येतो. सूची तपासायला कोणी बसत नाही, मुलं मात्र तपासली जातात.

मी पूर्ण गुण लिहिले आहेत. त्यांची सही अजून झालेली नाही. मुलीने विचारलं, पुढच्या वेळी काय लिहू? म्हटलं, हेच लिही. फक्त शेजारी आकृती काढ आणि पंखामागे हवेचे बाण खाली वळलेले ठळक दाखव.