आमची वाटचाल : आधी दात, मग भाव

आमचे आबा हेडी, म्हणजे गुरांचे व्यापारी होते. खरसुंडीच्या यात्रेत, आटपाडीच्या बाजारात खिलार बैलांचे सौदे त्यांनी जन्मभर केले. उपरण्याखाली हात जायचे, बोटांवर भाव ठरायचा आणि शेजारी उभ्या माणसाला आकड्याचा पत्ता लागायचा नाही. लहानपणी मला त्या उपरण्याचंच अप्रूप. आबा मात्र सांगायचे, "आधी जबडा उघडून दात बघायचं. दोन दाती, चार दाती का जुळलेला, दातावरनं वय कळल्याबिगर उपरण्याखाली हात घालायचा न्हाई."

२००९ साली सांगली-मिरज रस्त्यावर भाड्याच्या जागेत पत्र्याचं शेड टाकून मी जुन्या गाड्यांचा धंदा सुरू केला, तेव्हा हे बोलणं मी पार विसरलो होतो. काचेवर ३,८०,००० लिहायचे आणि ३,४०,००० ला सोडायची, हे मनाशी आधीच ठरलेलं असे. गिऱ्हाईकही ते जाणून पावणेतीन लाखांपासून सुरुवात करी. "मालक, शेवटचं बोला." "दादा, तुम्हीच बोला." चहा व्हायचे, माणसं उठून गेटपर्यंत जायची, परत यायची. अख्खी दुपार त्यात जाई आणि गाडीचं बॉनेट मात्र उघडलेलंच नसे. भाव पाडला म्हणून तो खूश, गाडी गेली म्हणून मी खूश.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्यानंतर काही महिन्यांनी एका एजंटाकडून मी एक छोटी गाडी घेतली. त्याने ४०,००० रुपये एका दमात उतरवले आणि माझा आनंद मावेना. एवढ्या सहज तो का उतरला, हे विचारायचं सुचलं नाही. ती गाडी मी एका शिक्षकांना विकली. पहिल्याच पावसाळ्यात वायरिंग बोलायला लागलं. मेकॅनिकने कार्पेट उचलला तर खाली वाळलेला गाळ. सीटबेल्ट पूर्ण ओढला तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर पाण्याची रेघ. ज्या गावात गल्लोगल्ली पुराचं पाणी पाहिलं, त्याच गावचा मी, आणि पट्टा ओढून पाहायला मला दोन सेकंद मिळाले नव्हते.

गुरुजी भांडले नाहीत. "तुमच्यावर विश्वास ठेवला होता," एवढंच म्हणाले. सोसायटीचं कर्ज काढून मी त्यांचे २,८५,००० रुपये परत केले. लॉकडाऊनमुळे धंदा बसलेलाच होता. ते वर्ष आमच्या घराने कसं काढलं, ते आम्हालाच ठाऊक.

तेव्हापासून गाडी आली की आधी तिचे दात. पट्टे, सीटखालचे रूळ, दाराच्या रबराखालचा रंग, मीटरवरचं रनिंग आणि सर्व्हिसच्या नोंदी यांचा मेळ. कर्जाची गाडी असेल तर बँकेची ना-हरकत (एनओसी) आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय इसार देत नाही. पूर्वी सह्या केलेले कोरे टीटी फॉर्म, म्हणजे नावबदलाचे कागद घेऊन गाडी चार हात फिरायची, नाव मात्र पहिल्या मालकाचंच राही. अपघात झाला तर नोंदणीवर ज्याचं नाव, त्याचीच जबाबदारी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून नावबदलाचे फॉर्म २९ आणि ३० आम्ही विक्रीच्या दिवशीच भरतो.

गाडीत जे जे वाईट सापडेल त्याचा एक कागद करतो आणि तो काचेवर, किमतीच्या शेजारी लावतो. मित्र म्हणाले, धंदा बुडेल. बुडाला नाही, पण घासाघीस पार बदलली. मिरजेच्या एका नर्सबाई आल्या होत्या. मी वही पुढे केली : खरेदी ३,१०,०००, टायर १६,०००, डेंटिंग-पेंटिंग ९,०००, कागद आणि विमा ५,०००, मागणी ३,७०,०००. त्यांनी वही बाजूला ठेवून काचेवरचा कागद वाचला. "क्लच वर्षभरात बदलावा लागेल, असं तुम्हीच लिहिलंय. खर्च किती?" आठ हजार, मी म्हणालो. "मग आठ हजार कमी करा." ३,६२,००० ला सौदा झाला. इतका सरळ भाव मी त्याआधी कधीच दिला नव्हता.

२०२५ ने मात्र दम काढला. जानेवारीत छोट्या जुन्या गाड्यांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. हा कर आमच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. पण हे एकेका गिऱ्हाईकाला कागदावर मांडून दाखवावं लागलं. मग २२ सप्टेंबरपासून छोट्या नव्या गाड्यांचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि ऑगस्टमध्ये भरलेला आमचा माल एका रात्रीत महाग ठरला. नवीनच स्वस्त झाली तर जुनीला एवढे कोण देणार? लोकांचं म्हणणं खरंच होतं.

त्या दसऱ्याला तासगावचा एक द्राक्ष बागायतदार एका वॅगन आरसाठी आला. वहीत आमचा खर्च ३,६०,००० आणि त्याचा भाव ३,४८,०००. पान मी त्याच्यासमोर उघडंच ठेवलं. त्याने दोनदा बेरीज केली, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "दोन हजार वर घ्या, पण सीट कव्हर नवीन टाकून द्या." मी तिथेच माणूस पाठवून कव्हरं मागवली.