तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडे ऑफिसात भेदभाव होतो का?

सुट्टीत पुण्याला आले की हा प्रश्न ठरलेला. मावशी विचारते, शेजारचे काका विचारतात, आणि एमएससाठी निघालेली त्यांची नात तर मला बाजूला घेऊन विचारते, "ताई, तिकडे ऑफिसात आपल्याला भेदभाव सोसावा लागतो का?" इतकी वर्षं मी "तसं फार नाही गं" म्हणत विषय बदलायचे. आता खरं ते सांगते. भेदभाव होतो. पण मी जो सगळ्यात जवळून पाहिला, तो सोसणारी मी नव्हते.

मी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेजवळ सॉफ्टवेअरमध्ये काम करते. सहा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर एक मेक्सिकन-अमेरिकन इंजिनिअर बसायची. तिचं नाव सांगत नाही. गाव सालिनास, आमच्या ऑफिसपासून गाडीनं तासाभरावर. मैलोन्‌मैल लेट्यूसची शेतं. आजी आणि आई, दोघी त्या शेतांत राबलेल्या. 1970 साली तिथल्या शेतमजुरांनी मोठा संप केला, त्यात आजी होती. मजुरी खोक्यांवर मिळायची आणि मुकादम मोजणीत मारायचा, म्हणून आजी स्वतःची वही ठेवायची: तारीख, शेत, खोकी, मोजताना हजर कोण. ही वही लक्षात ठेवा.

तिला स्पॅनिश रीतीप्रमाणे दोन आडनावं होती, एक वडिलांकडचं, एक आईकडचं. कंपनीच्या सिस्टिमनं आईकडचं गाळून टाकलं. वडिलांच्या आडनावात 'एन'वर जी नागमोडी रेघ असते तीही उडाली, आणि उच्चारच बदलला. तीन वेळा तिनं दुरुस्तीचा अर्ज केला. शेवटी सोडून दिलं.

रात्री आठच्या सुमाराला ऑफिस पुसायला ज्या बायका यायच्या, त्या बहुतेक मेक्सिको नाहीतर एल साल्वादोरच्या. ती त्यांच्याशी स्पॅनिशमध्ये गप्पा मारायची. कोणाच्या मुलाची परीक्षा आहे, कोणाचं घरभाडं वाढलंय, सगळं तिला ठाऊक असायचं. एकदा मीटिंगच्या खोलीत ती लॅपटॉप उघडून बसली होती. बाहेरगावहून आलेला एक वरिष्ठ आत आला आणि तिला म्हणाला, "इथली कॉफी संपलीय." तिनं त्याला आपलं पद सांगितलं आणि काम चालू ठेवलं. संध्याकाळी पार्किंगमध्ये मात्र ती बराच वेळ गाडीत नुसती बसून होती.

दर वर्षी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर हा तिकडे लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकन मुळाच्या लोकांच्या, वारशाचा महिना असतो. कार्यक्रम कोणी करायचा? तिनं. भाषण, पाहुणे, जेवण, फोटो, सगळं तिच्याकडे. बढतीच्या वेळी त्यातलं काहीच मोजलं जायचं नाही, उलट त्या महिन्यात कोड कमी लिहिला म्हणून शेरा यायचा. अमेरिकेच्या लोकसंख्येत लॅटिनो सुमारे 20 टक्के, आणि संगणक क्षेत्रातल्या नोकऱ्यांत लॅटिना बायका शंभरात जेमतेम दोन-तीन. आमच्या मजल्यावर ती एकटीच होती. मग सगळ्या लॅटिनांच्या वतीनं हसायचं, बोलायचं, शिकवायचं, तेही तिनंच.

तिची आई म्हणायची, "कायादिता ते वेस मास बोनिता." गप्प राहिलीस की जास्त सुंदर दिसतेस. माझी आजी म्हणायची, बाईच्या जातीनं हळू बोलावं. दोन्ही एकाच घरच्या. पण आम्हा दोघींमध्ये बोलायला शिकली ती. मी नाही.

आता अवघड भाग. आमचा मॅनेजर भारतीय होता. टीममध्ये निम्म्याहून जास्त माणसं आपली. जेवणाच्या टेबलावर हिंदी चालायची आणि कामाचे निम्मे निर्णय तिथेच होऊन जायचे. सुरुवातीला ती आमच्यात येऊन बसायची, पुढे डबा घेऊन सफाईच्या बायकांच्या खोलीत जायला लागली. तिला आमच्यात मिसळायचं नाही, असं कोणीतरी म्हणालं. मीही मान हलवली.

एका बैठकीत तिनं डेटाबेस बदलायची योजना मांडली. कोणी काही बोललं नाही. वीस मिनिटांनी आमच्यातल्या एकानं तीच योजना जवळजवळ त्याच शब्दांत सांगितली आणि मॅनेजर म्हणाला, "हे बरोबर आहे." तिचा मसुदा मी आठवडाभर आधी वाचला होता. खोलीत ते माहीत असलेली मी एकटी होते. माझ्या ग्रीन कार्डची फाइल तेव्हा कंपनीकडे अडकलेली. मी पाण्याची बाटली उघडली, प्यायले आणि गप्प बसले.

काही महिन्यांनी तिनं मला सरळ पगार विचारला. मला घाम फुटला. आपल्याकडे पगार विचारणं तसं नवीन नाही, पण कंपनीत तो सांगायचा नसतो असं मी धरून चालले होते. तिनं समजावलं: पगाराबद्दल आपापसांत बोलायचा हक्क 1935 च्या कामगार कायद्यानं दिलाय, कॅलिफोर्नियाचा कायदाही कंपनीला ते अडवू देत नाही. मी आकडा सांगितला. पद एकच, अनुभव तिचा दोन वर्षांनी जास्त, आणि पगार माझा 31 हजार डॉलरनी जास्त.

हे एका कंपनीपुरतं नाही. कॅलिफोर्नियात गूगलवर दावा झाला होता की लॅटिनो आणि इतर काही गटांतल्या कर्मचाऱ्यांना खालच्या पदावर, कमी पगारावर घेतलं जातं. 2025 मध्ये कंपनीनं 2 कोटी 80 लाख डॉलर देऊन तो मिटवायचं मान्य केलं. आरोप मात्र मान्य केले नाहीत. त्या दाव्यात ज्यांना जास्त मिळतं असं म्हटलं होतं, ते गोरे आणि आशियाई. आशियाई म्हणजे आपणसुद्धा. ती ओळ मी दोनदा वाचली.

तिनं तक्रार केली. एचआरनं पुरावा मागितला तेव्हा तिनं आजीसारखी लिहिलेली स्वतःची वही त्यांच्यापुढे ठेवली, 14 महिन्यांची. बैठकीची तारीख, कोण काय बोललं, तिचा मसुदा कोणत्या दिवशी कोणाला पाठवला. पगार थोडा वाढला, बढती आलीच नाही, आणि वर्षभरात ती गेली. जाताना समोर आलेल्या कागदावर गप्प राहण्याचं कलम होतं. 2022 पासून कॅलिफोर्नियात असा कागद भेदभावाबद्दल कोणाचं तोंड बंद करू शकत नाही, हे तिला माहीत होतं. तिनं ते कलम काढायला लावलं आणि मगच सही केली.

आता काकांच्या नातीला मी एवढंच सांगते: तिकडे गेलीस की तुझा पगार मोकळेपणानं सांग, आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीचं काम चोरीला जाताना दिसलं तर त्याच बैठकीत बोल. व्हिसाची भीती खरी असते, मला ठाऊक आहे. तरी बोल.

गेल्या उन्हाळ्यात मी सालिनासला तिच्या घरी गेले. ओट्याशी उभी राहून तिची आई मक्याच्या रोट्या भाजत होती. त्या बैठकीचं मी स्वतःहून काढलं. म्हटलं, मला माहीत होतं ती योजना तुझी आहे. ती आत गेली, वही घेऊन आली आणि पान उघडून माझ्यापुढे धरलं. तारीख होती. खाली हजर माणसांची नावं. माझ्या नावापुढे तिनं लिहिलं होतं: मसुदा वाचलाय. काही बोलली नाही.